बोटांचा तास

"दामिनी, पहिले तू जाय! चोराच्या बोटाले घाम सुटते म्हणतात!" प्रफुल्ल ओरडला आणि अख्खा दहावीचा वर्ग खिदळला.

दामिनी हसली नाही. तिनं दोन्ही हात ओढणीत गुंडाळले.

समोर टेबलाशी पोलीस खात्यातल्या अल्का मॅडम काचेवर काळी भुकटी पसरत होत्या. शनिवारी शाळेत कुणी ना कुणी येऊन आपल्या कामाची ओळख करून द्यायचं. नर्स येऊन गेली, ड्रोनवाला येऊन गेला. आज गोंदियाहून ठसेतज्ज्ञ. मऊ कुंचला फिरला आणि काचेवर कटरे सरांच्या अंगठ्याचं वेटोळं उमटलं. पोरं बाकांवर चढून बघायला लागली.

"माणूस खोटं बोलेल, बोट नाही बोलणार," मॅडम म्हणाल्या. "आता एकेक जण या. डरायचं नाही, बेटा."

कटरे सरांनी वर्गाचं दार लोटून घेतलं.

दामिनी शेजारच्या रुचिकाला चिकटून अंग चोरून बसली होती. दिवाळीच्या सुट्टीत ऑफिसच्या कपाटातून शाळेचा लॅपटॉप गेला, तेव्हापासून सगळे दामिनीकडेच बघत होते. सुट्टी लागली त्या दिवशी ऑफिसातून शेवटी तीच बाहेर पडली होती. एकदा नाव लागलं की शाळा बंद, आणि बाप तिला उजवून मोकळा होणार, हे दोघींनाही ठाऊक होतं.

"काऊन गे, तूच नेला का?" रुचिकानं कानाशी लागून विचारलं.

"आईची आण, नाही! पण कपाटाले हात लावला होता मी. सरांनीच नकाशे ठेवाले सांगतले होते."

"मंग कायले भेऊन राहिली? मी हाओ ना!"

रुचिका अशीच. तालुक्याला भाषणात पहिली आली, तेव्हापासून तिला कशाची म्हणून भीती उरली नव्हती. आज सकाळी तर तिनं आईचंही ऐकलं नव्हतं. आई, मंदाबाई, शाळेतच खिचडी शिजवायची. "आज नको बसू वर्गात," ती म्हणाली होती. "कायले हात काळे करतेस? पानं कापाची पडली हायेत घरी." रुचिकानं दप्तर उचललं आणि धूम ठोकली.

"दामिनी, ये," सरांनी पुकारलं.

रुचिका ताडकन उठली. "सर, तिच्या बोटाले कापलं हाये. मी येते!"

"तू तिची वकील का?" प्रफुल्ल.

"मी तुही मास्तरीण हाओ! चूप बस!"

तिनं काचेवर पाचही बोटं दाबली. मॅडमनी कुंचला फिरवला. पाच गुळगुळीत, करडे डाग. मॅडमनी काच पुसली, रुमालानं तिची बोटं पुसली आणि पुन्हा दाबायला लावली. पुन्हा तेच. फक्त कडेला केसासारख्या दोनचार रेषा.

रुचिकाला मात्र आनंदाचं भरतं आलं. आता दामिनीला कोण विचारतंय?

"नाही येणार, मॅडम! आधारवाल्यानंही हात टेकले होते. बिड्या वळून वळून घासले बोटं. बाकीच्या बायांनी कवाचंच सोडलं, राइस मिलात जातात. गावात आता आम्ही दोघीच वळतो."

"दोघी म्हणजे?"

"मी आन आई!" रुचिका वर्गाकडे तोंड करून, अगदी भाषणातल्यासारखी म्हणाली. "माह्या कडेला तरी थोड्या रेषा हायेत. आईचे बोटं पाहा तुमी, नुसती काच! एक रेघ सापडन तर शपथ!"

पोरांनी टाळ्या वाजवल्या. दामिनीनंही, पहिल्यांदाच.

मॅडमनी कुंचला खाली ठेवला आणि सरांकडे वळून हळू आवाजात म्हणाल्या, "दामिनीला आता घाबरवू नका, सर. सकाळी तुमच्या कपाटात लॅपटॉपच्या जागेवर सापडलेला ठसा अगदी कोरा आहे. कडेलाही रेष नाही."