ओसरीकडची भिंत

"त्या भिंतीला हात लावू नका," मनकर्णाबाई तिसऱ्यांदा म्हणाली.

हिरासिंग मिस्तरीने उचललेला हातोडा खाली घेतला आणि उकंडरावांकडे पाहिलं. उकंडरावांनी आपल्या पोराकडे, विश्वंभरकडे पाहिलं. मनकर्णाबाई चुलीपुढे पाटावर बसून होती. डोळ्यांना दवाखान्यातला काळा चष्मा. मोतीबिंदू काढून महिना झाला होता. आता कामाला लागा, पण धुरात बसाल तर डोळा हातचा जाईल, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. गॅस होता, पण त्यावर चहा व्हायचा. ज्वारीची भाकर चुलीवरच.

"दादा, हा पंखा बसवू," विश्वंभर म्हणाला. कळमनुरीहून आणलेलं खोकं त्याने काखेत धरलं होतं. "बटन दाबलं की धूर बाहेर."

"आन् लाईट गेल्यावर?" मनकर्णाबाई म्हणाली. "भाकरीच्या वक्ताला कधी लाईट पाहिली का तू?"

"मग वरून पाईप काढतो," हिरासिंग म्हणाला.

"पत्रा कापला की पावसाचं पाणी थेट चुलीत."

"मागच्या भिंतीतून?"

"मागं जमीलभाईचं आंगण हाय. त्याच्या लेकरांच्या तोंडात धूर सोडता का?"

राहिली ओसरीकडची भिंत. हिरासिंगने चुलीत एक ओली तुराटी सरकवली, काडी लावली आणि हाताची घडी घालून उभा राहिला. धूर उठला. सरळ ओसरीकडच्या भिंतीला गेला, पत्र्याच्या खाली अडला, तिथेच घुटमळला आणि वळून मनकर्णाबाईच्या तोंडावर आला.

"पाहा. धुरालाच माहिती हाय त्याची वाट. झरोका इथंच पाहिजे."

"न्हाई म्हणलं ना!"

"काहून न्हाई?" उकंडराव हसले. "भिंत काय तू माहेराहून आणली का?"

हसता हसताच त्यांना खोकला लागला. छाती घरघरायला लागली. विश्वंभरने त्यांच्या खिशातला दम्याचा पंप काढून हातात दिला. तेवढ्यात मनकर्णाबाईने तांब्यातलं सगळं पाणी चुलीत ओतलं होतं. राख उडून तिच्या चष्म्यावर बसली.

दम खाली बसल्यावर उकंडराव म्हणाले, "फोड, हिरासिंग. हिचं ऐकत बसलो तर डोळा जाईल हिचा."

हिरासिंग स्टुलावर चढला. हातोड्याच्या दांड्याने त्याने भिंत ठोकून पाहिली. ठक. ठक. ठक. मग एकदम आवाज बसका आला. त्याने पुन्हा ठोकलं.

"इथं पोकळ हाय."

पांढऱ्या मातीचे पापुद्रे पडायला लागले. दरसाल घट बसायच्या आधी दिलेला एकेक हात, थरावर थर. त्यांच्या आत चिखल. चिखलाच्या आत कापडाचा घट्ट बोळा. हिरासिंगने तो ओढला, तो निघतच राहिला. हिरवं लुगडं होतं, जांभळ्या काठाचं. पलीकडून लावलेला चिखल एका घावात ओसरीत पडला आणि हातभर उजेड चुलीवर आला.

उकंडरावांनी लुगड्याचा काठ बोटांनी चाचपला.

"हे तर तुझं."

"व्हय."

"इथं आधी झरोका होता न्हाई का? कोणी बुजवला?"

मनकर्णाबाई चुलीतली ओली राख बाजूला ओढत होती. "मीच. तुमी नांदेडच्या दवाखान्यातून यायच्या आदल्या दिशी."

"तवा तर मी चवथीत होतो, माय," विश्वंभर म्हणाला. पंख्याचं खोकं त्याने खाली ठेवलं.

"अन् मला काहून दिसलं न्हाई?" उकंडराव म्हणाले.

"तुमी वर कधी पाहता? तुमची नजर सगळी यष्टीकडं."

हिरासिंगने तोंड फिरवून हसू दाबलं. ओसरीत त्या भिंतीला लागूनच उकंडरावांची बाज होती. तिच्यावर बसून ते सेनगावची गाडी आली की कोण उतरलं, कोण चढलं, ते पाहायचे. गावात कोणाकडे पाहुणा आला हे त्या घराच्या आधी त्यांना कळायचं.

"झरोक्याच्या बराबर खाली तुमची बाज," ती म्हणाली. "सगळा धूर तुमच्या छातीवर. रात्रभर बसून राहायचे तुमी. खोकलून खोकलून काळेनिळे व्हायचे."

"मग बाज हलव म्हणायचं न्हाई?"

"तिथून यष्टी दिसते तुमाला. दवाखान्यातून आलेल्या माणसाला दुसरं काय होतं पाहायला?"

हिरासिंग उगाच हातोड्याची माती पुसत राहिला. उकंडरावांनी लुगड्याची घडी घातली. ती नीट जमली नाही. तरी तशीच त्यांनी मनकर्णाबाईच्या पाटाजवळ ठेवली आणि ते बाहेर गेले.

थोड्या वेळाने काहीतरी घासत नेल्याचा आवाज आला.

विश्वंभर धावला. मागोमाग मनकर्णाबाई भिंतीला धरून दारात आली. ओसरीतली बाज नव्हती. अंगणाच्या मातीत दोन रेघा उमटल्या होत्या, थेट कोपऱ्यातल्या कडुलिंबापर्यंत. लिंबाखाली बाज होती आणि बाजेवर उकंडराव, धापा टाकत.

"दादा, मला हाक मारायची ना!"

उकंडरावांनी हातानेच त्याला थांबवलं. थोडा दम आल्यावर म्हणाले, "चूल पेटव म्हण तिला."

"अवो," मनकर्णाबाई दारातूनच म्हणाली, "तिथून यष्टी न्हाई दिसत."

उकंडरावांनी मान वर केली. ओसरीच्या भिंतीत, वर, पत्र्याच्या खाली पाहिलं.

"झरोका दिसते," ते म्हणाले.