तिरकी फळी

"उभ्या आयुष्यात तिरकी फळी ठोकली नाही मी," तोंडात खिळे धरून सुतार पुटपुटत होता. "बघणारे मलाच नावं ठेवतील."

पण माझा नवरा हटून बसला होता. आईबाबांच्या लग्नाला पन्नास वर्षं झाली म्हणून त्याला स्वयंपाकघर जुन्या फोटोसारखं हुबेहूब करायचं होतं. हिरव्या फरशा, पत्र्याचे डबे आणि तेव्हा बाबांनी स्वतःच्या हातांनी लावलेली भिंतीवरची फळी. तिच्यावरून डबे घसरत, म्हणून सासूबाई शेवटच्या डब्याला खलबत्त्याचा टेकू देत. बाबांसमोर मात्र कुणी त्याबद्दल चकार शब्द काढला नव्हता.

सासरे आले. हात मागे बांधून सगळं न्याहाळत फळीपाशी थांबले आणि एक डोळा मिटून त्यांनी ती नीट पाहिली.

"बाकी झकास. पण हा सुतार कुठून पकडून आणलात? फळी चक्क तिरकी."

सुताराने माझ्याकडे पाहिलं, मी नवऱ्याकडे, नवऱ्याने आईकडे.

सासूबाईंनी शांतपणे खलबत्ता उचलून शेवटच्या डब्याला लावला.

"त्याला नका बोलू, अहो. त्याने तुमची बघून केलीय. पन्नास वर्षांनी का होईना, दिसली एकदाची तुम्हाला."