खाजेचं पाणी

आईच्या दहाव्याला कावळा पिंडाला शिवेना.

"लेकीच्या डोळ्यांत टिपूस नाही, तो कसा शिवेल?" मालूमावशी म्हणाली.

हेमांगीच्या दंडावर इसबाची पट्टी होती. मनाला ताण आला की तिचं इसब उसळायचं, म्हणून पट्टी अंगात औषध सोडून ताण येऊच देत नसे. कातडी अगदी नितळ झाली होती. आई गेली तेव्हाही नितळच राहिली.

आता तिला आईसाठी एकदा रडायचं होतं. तिने पट्टी ओरबाडून काढली.

खाज लगेच परतली. दुःख काही आलं नाही. रक्त येईतो खाजवताना तिच्या डोळ्यांत पाणी आलं.

"रडली गं बाई एकदाची!" मावशी म्हणाली.

पाणी खाजेचं होतं, हे हेमांगीला कळत होतं. कावळ्याला कळलं नाही. तो येऊन शिवला.