अकरा मिनिटं

सातव्या मजल्यावरचे सगळे आमचं ॲप चालू करून जिना उतरले. कोणाला किती वेळ लागतो ते बघून ॲप आगीतून बाहेर पडायच्या वाटांचा नकाशा सुधारतं. आठवड्यातली ही नववी इमारत. माझेच पाय बोलायला लागले होते. बाकीचे चार मिनिटांत खाली आले. रेकॉर्डरूमच्या मावशी कठडा धरत, थांबत थांबत, अकरा मिनिटांनी पोचल्या. स्क्रीनवर प्रश्न आला, ‘ही नोंद चूक समजून वगळायची का?’ “वगळा की,” त्या ऑफिसचे साहेब म्हणाले. “एका बाईपायी सगळ्या इमारतीचा वेळ वाढेल.” मावशी शेवटच्या पायरीवर बसून गुडघा चोळत होत्या. “टाक काढून, बाळा. खरंच आग लागली तर मी उतरणारच नाही. जिन्यात पोरांची वाट अडेल. आपली खुर्चीत बसून राहीन. कधीचंच ठरवलंय.” मी ‘नाही’ दाबलं. चार मिनिटांची अकरा झाली, सगळ्या इमारतीची.