शाबासकीची चांदणी

सहा वर्षांची ईश्वरी स्वमग्न आहे. पुनावळ्यातल्या माझ्या थेरपी सेंटरवर पहिल्यांदा आली तेव्हा एका जागी टिकायची नाही. सारखी पळायची, किंचाळायची. मी साधीच पद्धत धरली. थोडा वेळ शांत बसली की तिच्या तळहातावर चमकणारी चांदणी चिकटवायची. "घरीही हेच करा," असं तिच्या आईला, पूनमला, बजावून सांगितलं.

पूनमने ते मनापासून केलं. दिवाळीपर्यंत ईश्वरीत इतका फरक पडला की मी बाकीच्या आयांना तिचंच उदाहरण देऊ लागले.

आज सेंटरवर माझं आणि पूनमचं बोलणं चालू असताना दाराची बेल वाजली. ईश्वरी हातातला खेळ टाकून उठली, कपाटामागच्या सांदीत शिरली आणि तोंडावर बोट ठेवून खाली बसली. हूं नाही की चूं नाही.

"हे काय?" मी विचारलं.

"घरी पाहुणे आले की अशीच बसते आता," पूनम कौतुकाने म्हणाली. मग तिचा आवाज उतरला. "नणंदेला बघायला येतात ना, मॅडम. राजगुरुनगरची सोयरीक हिला बघूनच मोडली. सासूबाई म्हणाल्या, पोरीला एवढं तरी शिकव."

दारात कुरिअरवाला होता. मी पाकीट घेऊन दार लावलं.

तेवढ्यात कपाटामागून ईश्वरीचा उघडा तळहात बाहेर आला. चांदणी मागायला.