लेकीच्या हातचं

सगुणने चौथी बशीही एका बोटाने बायकोकडे सरकवली.

"जेव तूं."

पद्मावतीने आधी काचेकडे पाहिलं. काचेपलीकडे स्वयंपाकघर होतं आणि तिथे पांढरा कोट घातलेली त्यांची गौरवी चिमट्याने कुणाच्या तरी बशीत एकेक पान मांडत होती. तिची पाठ वळताच पद्मावतीने आपली रिकामी बशी नवऱ्यापुढे ठेवली, त्याची भरलेली पुढ्यात ओढली आणि भराभर खायला लागली. चणक मासळीचा तुकडा, खाली घोटलेला फ्लॉवर, वर सोलकढीचा फेस. पहिली बशी तिला फार आवडली होती. आता दोन माणसांचं जेवण एका पोटात कोंबून ती मेटाकुटीला आली होती.

लाटंबार्सेहून पणजीच्या आल्तिनोपर्यंत तिने त्याला काय कमी समजावलं होतं? लेकीला मूल होईपर्यंत बापाने तिच्या घरचं अन्नपाणी घ्यायचं नाही, हे मान्य. सहा वर्षं तिने ते पाळू दिलं. जावयाच्या घरी हा माणूस आपल्या पाण्याची बाटली घेऊन जायचा, ओसरीवर टेकायचा आणि उठायचा. पण आज लेकीने स्वतःचं हॉटेल काढलं होतं. युरोपात शिकून आलेल्या हातचं जेवण, लोक महिना महिना आधी टेबल राखून ठेवतात. तिथे तिने आईबापांना बोलावलं, आणि ह्याने काय करावं? टेबलावरच्या कडक इस्त्रीच्या पांढऱ्या चादरीवर पिशवी उघडली, वर्तमानपत्रात गुंडाळलेला कालचा उंडा काढला आणि घरच्या पाण्याबरोबर तो पाव मोडून खाल्ला. शेजारच्या टेबलावरची बाई बघतच राहिली. पद्मावतीला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"हें घर न्हय, हाटेल," ती दातओठ खात म्हणाली. "सगलो गांव येवन जेवता हांगा."

"रांदता कोण? म्हजी धूव," सगुणने काचेपलीकडच्या लेकीकडे हनुवटीने खूण केली. "मागीर तें धुवेचेंच अन्न."

"देव तरी इतको हट्ट करिना!"

"रीत ती रीत."

रीत! मुलीला शिकायला परदेशी धाडताना ह्याच माणसाने अख्ख्या भावकीची रीत धाब्यावर बसवली होती. दगडाशी डोकं फोडलं असतं तर दगडाला तरी पाझर फुटला असता, असं पद्मावतीला वाटलं.

पाचव्या बशा घेऊन वाढपी आला नाही. गौरवी स्वतः आली. घामाने केस कपाळाला चिकटले होते. तिने दोन्ही बशा ठेवल्या आणि ती तिथेच उभी राहिली.

"आई, ती काच दोनूय बाजूंनी दिसता. बाबांचें सगलें तूंच खाल्लें मगो?"

पद्मावती खोटं बोलायला गेली असती तरी ढेकर आला असता.

"एक भुरगें जांवदी गो तुका," सगुण चादरीकडे बघत म्हणाला. "मागीर हांव पोटभर जेवतलों."

गौरवीने हात पुसले. पुसलेलेच पुन्हा पुसले.

"दोतोरान सांगलां बाबा. आमकां भुरगें जावचें ना. केन्नाच ना." आवाज हळू होता, पण कापला नाही. "जेवण जातकच सांगतलें आशिल्लें. म्हज्या हातचें तुमी आतां केन्नाच खावचे नात?"

पद्मावतीच्या हातातला काटा बशीवर वाजला. लेकीला जवळ घ्यावं की तिला मूल न देणाऱ्या देवाला शिव्या द्याव्यात, तिला काही सुचेना. समोर हा बसला होता, मान खाली घालून, उंड्याचा चुरा बोटाने गोळा करत. सहा वर्षांचा राग तिच्या डोक्यात भडकला. तिने चमचा उचलला. बशीत नाचणीचं तिजण होतं, लोण्यासारखं मऊ घोटलेलं. चमचा भरून तिने नवऱ्याच्या तोंडाजवळ नेला.

"आ करात!" ती ओरडली. आजूबाजूची सगळी टेबलं वळली. "आ करात म्हणटां न्हय!"

सगुणने बायकोकडे पाहिलं, मग लेकीकडे. आणि तोंड उघडलं.

तिजणात चावण्यासारखं काही नसतं. तरी तो कितीतरी वेळ चावत राहिला.