कार्यमुक्त

पालिकेच्या व्हॉल्व्हमनची पत्नी ज्या शहरात अंथरुणाला खिळली होती, तिथे त्याची बदली मंजूर होऊन चार वर्षे झाली होती. पर्यायी माणूस आल्याखेरीज त्याला कार्यमुक्त करता येत नव्हते, आणि तो माणूस कोणी मागितलाच नव्हता.

"साहेब, आता तरी सोडा. ती रोज विचारते, कधी येताय म्हणून."

"अहो, तुम्हाला सोडून अख्ख्या शहराच्या तोंडचं पाणी पळवू का?" मुख्याधिकारी कौतुकाने हसले.

तिच्या अंत्यसंस्कारासाठी मात्र आठ दिवसांची रजा तत्परतेने मंजूर झाली. तो परतला तेव्हा आदेश तयार होता.



'आपल्या रजेच्या काळात पाणीपुरवठा सुरळीत राहिला. सबब, सदर पद अनावश्यक ठरवून आपणांस कार्यमुक्त करण्यात येत आहे.'